लोमा लिंडा : शनिवार पाळणाऱ्या विद्यापीठातील दंतवैद्यक

कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवर, सॅन बर्नार्डिनो परगण्यात लोमा लिंडा हे छोटे शहर आहे. स्पॅनिशमध्ये या नावाचा अर्थ ‘सुंदर टेकडी’. एकेकाळी संत्र्यांच्या बागांनी वेढलेल्या या टेकडीवर आज फक्त आरोग्यविज्ञानांना वाहिलेले विद्यापीठ उभे आहे. ते सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचे आहे. तेथील दंतमहाविद्यालय १९५३ साली सुरू झाले. आरोग्यशिक्षणाची सुरुवात मात्र त्याच्या जवळजवळ अर्धशतक आधीची आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय दंतवैद्यकाची शाखा येथे का निघाली आणि का टिकली हे कळत नाही.

अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाची रीतसर स्थापना १८६३ साली मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथे झाली. शनिवार हा आठवड्याचा सातवा दिवस. तोच देवाने नेमून दिलेला विश्रांतीचा दिवस, अशी या पंथाची श्रद्धा. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ सुरू होतो आणि शनिवारी सूर्यास्ताला संपतो. या वेळात पोटापाण्याचा व्यवसाय, खरेदी-विक्री, अभ्यास, परीक्षा सगळे बंद. दुसरी ठळक गोष्ट आरोग्याची. शरीर नीट सांभाळणे हा धर्माचाच भाग, ही शिकवण पंथाच्या प्रवर्तकांपैकी एलेन व्हाइट यांनी आग्रहाने मांडली. तंबाखू आणि दारू वर्ज्य, मांसाहार शक्यतो टाळावा, ताजी हवा, व्यायाम आणि साधे अन्न यांवर भर द्यावा, असा हा आचार. शाकाहाराची परंपरा घरात पाहिलेल्या मराठी वाचकाला यातले पुष्कळसे ओळखीचे वाटेल.

या शिकवणीतूनच १८६६ मध्ये बॅटल क्रीकला पंथाचे पहिले आरोग्यधाम निघाले. डॉ. जॉन हार्वे केलॉग यांच्या हाताखाली ते जगप्रसिद्ध झाले. न्याहारीच्या कॉर्नफ्लेक्समुळे घरोघरी पोहोचलेले केलॉग हे नाव याच घराण्याचे. डॉ. केलॉग यांनी १८९५ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयही काढले. पुढे पंथाचे धुरीण आणि केलॉग यांच्यात सत्तेवरून व धर्ममतांवरून तेढ वाढली. १९०७ मध्ये केलॉग पंथाबाहेर गेले आणि १९१० मध्ये त्यांचे महाविद्यालय बंद पडले. मिशनच्या कामासाठी डॉक्टर घडवणारी पंथाची एकमेव शाळा अशी हातची गेली.

त्याच सुमारास पश्चिम किनाऱ्यावर नवी जागा शोधणे चालू होते. लोमा लिंडाच्या टेकडीवर एक हॉटेल होते. हवापालटासाठी येणाऱ्या पाहुण्यांच्या भरवशावर काढलेला तो धंदा बुडाला होता. शहात्तर एकर जमीन आणि इमारती यांची किंमत आधी एक लाख दहा हजार डॉलर सांगितली जात होती. ती उतरत उतरत चाळीस हजारांवर आली. एलेन व्हाइट यांनी धर्मोपदेशक जॉन बर्डन यांना व्यवहार करण्यास सांगितले. पंथाच्या स्थानिक तिजोरीत पैसा नव्हता, उलट कर्ज होते. तरीही १९०५ मध्ये हप्त्यांच्या बोलीवर सौदा झाला. एका हप्त्याच्या दिवशी पैसे कोठून येणार हे कोणालाच माहीत नव्हते आणि त्याच सकाळी टपालात पाच हजार डॉलरची हुंडी निघाली, ही कथा संस्थेच्या इतिहासात आजही सांगितली जाते. आख्यायिकेचा रंग बाजूला ठेवला तरी व्यवहार किती कडेलोटावर झाला होता हे त्यातून दिसते.

आरोग्यधाम १९०५ मध्येच सुरू झाले आणि सोबत परिचारिकांचे शिक्षणही. दुसऱ्या वर्षी धर्मप्रचारकांचे महाविद्यालय निघाले. पुढचा प्रश्न अवघड होता. येथे शिकलेला माणूस केवळ उपचाराची जुजबी माहिती असलेला प्रचारक असावा, की सरकारमान्य पदवीचा डॉक्टर? पहिला मार्ग स्वस्त आणि सोपा होता. पंथातल्या अनेकांना तोच पुरेसा वाटे. एलेन व्हाइट यांनी दुसऱ्या मार्गाचा आग्रह धरला : येथील विद्यार्थी कायद्याने लागणाऱ्या परीक्षा देऊन पूर्ण अर्हतेचा वैद्य होऊनच बाहेर पडला पाहिजे. डिसेंबर १९०९ मध्ये ‘कॉलेज ऑफ मेडिकल इव्हँजेलिस्ट्स’ या नावाने राज्याची सनद मिळाली. लोमा लिंडाच्या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा निर्णय होय. श्रद्धा कितीही पक्की असली तरी परीक्षा सगळ्यांची तीच द्यायची, हे सूत्र येथे ठरले. पुढे दंतवैद्यकानेही तेच सांभाळले.

मुहूर्त मात्र वाईट होता. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांचा अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणावरचा अहवाल प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळा नसलेली, रुग्णालय नसलेली, फीवर जगणारी डझनावारी महाविद्यालये त्यानंतरच्या काही वर्षांत बंद पडली. अशा वेळी एका छोट्या पंथाने आडगावात नवे महाविद्यालय काढावे हे जाणकारांना धाडसापेक्षा वेडेपणाचे वाटले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९११ मध्ये त्याला ‘क’ श्रेणी दिली. १९१४ मध्ये पहिली तुकडी पदवीधर झाली. ती अवघ्या सहा जणांची होती आणि त्यांत स्त्रियाही होत्या.

लोमा लिंडाच्या आसपास वस्ती विरळ असल्यामुळे शिकण्यासाठी पुरेसे रुग्ण मिळत नव्हते. म्हणून पहिली दोन वर्षे लोमा लिंडात आणि रुग्णालयातले शिक्षण लॉस एंजेलिसमध्ये, अशी दुहेरी व्यवस्था करावी लागली. लॉस एंजेलिसमध्ये एलेन व्हाइट यांच्या स्मरणार्थ व्हाइट मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. दरम्यान पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली आणि ‘क’ श्रेणीच्या महाविद्यालयातील विद्यार्थी सैन्यभरतीतून सुटणार नाहीत अशी वेळ आली. पर्सी मॅगन आणि न्यूटन इव्हान्स यांनी असोसिएशनच्या अधिकाऱ्यांपुढे महाविद्यालयाची बाजू मांडली. १९१७ मध्ये ‘ब’ श्रेणी मिळाली आणि १९२२ मध्ये ‘अ’. अकरा वर्षांत तळापासून वरच्या श्रेणीपर्यंतचा हा प्रवास देणग्या, प्रयोगशाळा आणि पूर्णवेळ प्राध्यापक यांच्या बळावर झाला. नुसत्या प्रार्थनेवर तो झाला नाही, आणि संस्थेनेही तसा दावा केलेला नाही.

पुढच्या तीस वर्षांत आहारशास्त्र, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, भौतिकोपचार, क्ष-किरण तंत्रज्ञान असे अभ्यासक्रम एकेक करून जोडले गेले. मिशनच्या दवाखान्यांकडून ज्या प्रकारच्या माणसांची मागणी येई, त्या प्रकारचे शिक्षण सुरू होई. या यादीत दंतवैद्य नव्हता, आणि ही उणीव बोचणारी होती.

दंतवैद्यकाचे शिक्षण वैद्यकाहून तरुण आहे. जगातले पहिले दंतमहाविद्यालय १८४० मध्ये बाल्टिमोरला निघाले. दीर्घकाळ ही महाविद्यालये खासगी मालकीची, कसब शिकवणाऱ्या कारखान्यांसारखी होती. वैद्यकासाठी जे फ्लेक्सनरने केले ते दंतवैद्यकासाठी विल्यम गीज यांच्या १९२६ च्या अहवालाने केले. दंतवैद्यकाचे शिक्षण विद्यापीठातच असावे, त्याला जीवशास्त्राचा पाया असावा आणि ते वैद्यकाच्या बरोबरीने उभे राहावे, असे त्याने बजावले. विसाव्या शतकाच्या मध्यावर नवे दंतमहाविद्यालय काढणे म्हणजे पूर्ण प्रयोगशाळा, शेकडो खुर्च्यांचा दवाखाना आणि मूलभूत विज्ञानांचे विभाग उभे करणे असा अर्थ झाला होता. मूलभूत विज्ञानांचे विभाग लोमा लिंडाकडे वैद्यकामुळे आधीपासून होते. ही जमेची मोठी बाजू ठरली.

अ‍ॅडव्हेंटिस्ट घरांतली मुले तोपर्यंत इतर विद्यापीठांत दंतवैद्यक शिकत. अडचण शनिवारची होती. त्या काळी बहुतेक महाविद्यालयांत शनिवारी वर्ग भरत, दवाखाना चाले आणि परीक्षाही होत. दर आठवड्याला प्राध्यापकापुढे उभे राहून सवलत मागायची, आणि न मिळाल्यास श्रद्धा किंवा पदवी यांतले एक निवडायचे. बाहेरच्या माणसाला ही अडचण किरकोळ वाटेल. कळत्या वयापासून शब्बाथ पाळलेल्या वीस वर्षांच्या मुलाला ती किरकोळ नव्हती. एका बाजूला परदेशातल्या मिशन रुग्णालयांकडून दंतवैद्यांची मागणी आणि दुसऱ्या बाजूला ही कोंडी. पंथातील दंतवैद्यांनी १९४३ मध्ये आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली. स्वतःचे दंतमहाविद्यालय असावे हा तिच्या आग्रहाचा मुख्य विषय होता. पंथाचे पुढारी खर्चाच्या आकड्यांनी बिचकत होते. दहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर १९५३ च्या शरदात पहिली तुकडी दाखल झाली.

डॉ. वेब्स्टर प्रिन्स हे पहिले अधिष्ठाता. अमेरिकेच्या दंतवैद्यक संघटनेच्या वर्तुळात त्यांना मान होता, आणि नव्या, त्यातही एका धर्मपंथाच्या, महाविद्यालयाकडे साशंक नजरेने पाहणाऱ्यांपुढे तो उपयोगी पडला. महाविद्यालयाची इमारत पुढे त्यांच्याच नावाने, प्रिन्स हॉल म्हणून, ओळखली जाऊ लागली. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांप्रमाणे दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना दोन गावांत विभागले नाही. त्यांचे चारही वर्षांचे शिक्षण लोमा लिंडातच झाले. दातांच्या दुखण्याला मोठे रुग्णालय लागत नाही. रेडलँड्स, रिव्हरसाइड, सॅन बर्नार्डिनो येथून कमी खर्चात दात दाखवायला येणाऱ्या माणसांची रांग पुरेशी होती.

पहिली तुकडी १९५७ मध्ये बाहेर पडली. दंतवैद्यकाच्या इतिहासात हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. हवेच्या झोताने फिरणारा ‘एअरोटर’ त्याच वर्षी बाजारात आला. तोवर दात कोरण्याचे यंत्र पट्ट्यावर, हळू गतीने चाले. खुर्चीत बसलेल्याच्या कवटीत ती थरथर घुमत राही. चार वर्षे जुन्या यंत्रावर हात बसवलेल्या विद्यार्थ्यांनी पदवी हातात घेतली तेव्हा त्यांचा धंदाच बदलण्याच्या उंबरठ्यावर होता. दातांची स्वच्छता आणि हिरड्यांची निगा शिकवणारा ‘डेंटल हायजीन’ अभ्यासक्रम १९५९ मध्ये सुरू झाला. रोग होऊ नये म्हणून आधीच काळजी घ्यायची, हा पंथाचा मूळ विचार या अभ्यासक्रमात सर्वांत सहज उतरला असे म्हणता येईल.

लोमा लिंडाच्या दंतवैद्यकाचे नाव जगात पहिल्यांदा झाले ते दात काढण्याच्या किंवा बसवण्याच्या कसबामुळे नव्हे, तर भीतीवरच्या इलाजामुळे. मूळचे डेन्मार्कचे डॉ. नील्स योर्गेन्सेन हे मुखशल्यचिकित्सक येथे प्राध्यापक होते. दाढ काढायची म्हटले की पांढरे पडणारे, खुर्चीचे हात घट्ट धरून बसणारे रुग्ण ते रोज पाहत. अशा माणसाला पूर्ण बेशुद्ध करणे हा त्या काळी एक पर्याय होता. पण दवाखान्यात त्याचा धोका मोठा. योर्गेन्सेन यांनी १९४५ पासून मधला मार्ग विकसित केला आणि लोमा लिंडात तो पद्धतशीर शिकवला. हाताच्या शिरेत सुई ठेवून पेंटोबार्बिटल अगदी हळूहळू सोडायचे. रुग्णाला हलके वाटू लागले, जरा गुंगी आल्याचे तो स्वतः सांगू लागला, की लगेच थांबायचे. मात्रा औषधाच्या बाटलीवरून किंवा वजनाच्या कोष्टकावरून ठरत नसे. ती समोरचा माणूस ठरवी. मग २५ मिलिग्रॅम मेपेरिडिन आणि ०.३२ मिलिग्रॅम स्कोपोलॅमिन त्याच शिरेतून, आणि शेवटी नेहमीप्रमाणे हिरडीत स्थानिक भूल. रुग्ण जागा असे, स्वतः श्वास घेई, ‘तोंड उघडा’ म्हटल्यावर उघडी. दोन-दोन तासांचे काम निवांत होई आणि स्कोपोलॅमिनमुळे त्यातले फारसे काही त्याच्या आठवणीत राहत नसे.

ही पद्धत ‘योर्गेन्सेन तंत्र’ किंवा ‘लोमा लिंडा तंत्र’ या नावाने पाठ्यपुस्तकांत गेली. शिरेवाटे गुंगी देण्याच्या दंतवैद्यकीय परंपरेचे जनक म्हणून योर्गेन्सेन यांचा उल्लेख होतो. पुढे डायझेपाम आणि मग मिडाझोलाम आल्यावर मूळ औषधे मागे पडली. थोडे द्यायचे, थांबायचे, रुग्णाकडे पाहायचे आणि मगच पुढे जायचे, हे तत्त्व मात्र आजही तेच आहे.

१९६१ मध्ये संस्थेचे नाव बदलून लोमा लिंडा विद्यापीठ झाले. वैद्यकाची दुहेरी व्यवस्थाही याच दशकात मोडीत काढली. कोणत्या गावात एकत्र यायचे यावर पंथात आणि माजी विद्यार्थ्यांत बराच काळ वाद रंगला होता. शेवटी लोमा लिंडाचा पक्ष जिंकला. १९६७ मध्ये तेथे नवे मोठे रुग्णालय सुरू झाले. त्याच वर्षी रिव्हरसाइडजवळचे ला सिएरा महाविद्यालय विद्यापीठात विलीन झाले. कला आणि विज्ञान शाखांचे हे लग्न फारसे जमले नाही. १९९० मध्ये दोन्ही संस्था पुन्हा वेगळ्या झाल्या आणि लोमा लिंडा पुन्हा निखळ आरोग्यविज्ञानांचे विद्यापीठ झाले. आज तेथे वैद्यक, दंतवैद्यक, परिचर्या, सार्वजनिक आरोग्य, औषधनिर्माण, सहयोगी आरोग्यशाखा, वर्तनविज्ञान आणि धर्मशास्त्र अशी आठ महाविद्यालये आहेत.

विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेची कीर्ती दंतवैद्यकाहून मोठी, आणि तिच्याभोवतीचे वादही मोठे. ऑक्टोबर १९८४ मध्ये डॉ. लेनर्ड बेली यांनी ‘बेबी फे’ या नावाने ओळखल्या गेलेल्या तान्ह्या मुलीवर बबून माकडाच्या हृदयाचे रोपण केले. ती सुमारे तीन आठवडे जगली. प्राण्याचे हृदय वापरणे योग्य होते का, मानवी हृदयाचा शोध पुरेसा घेतला होता का, पालकांची संमती किती समजून घेतलेली होती, यांवर जगभर टीका झाली. ती सगळी अनाठायी नव्हती. पुढच्याच वर्षी बेली यांनी मानवी अर्भकाचे हृदय दुसऱ्या अर्भकात यशस्वीपणे बसवले आणि बालहृदयरोपणाचे एक मान्य केंद्र येथे उभे राहिले. १९९० मध्ये रुग्णालयाच्या आवारातील जगातले पहिले प्रोटॉन उपचार केंद्र सुरू झाले. सार्वजनिक आरोग्य शाखेने अ‍ॅडव्हेंटिस्ट लोकांच्या आहार आणि आयुर्मानाचा दीर्घ अभ्यास चालवला. १९७० च्या दशकात सुरू झालेल्या टप्प्यात कॅलिफोर्नियातील सुमारे चौतीस हजार माणसे होती. २००२ मध्ये सुरू झालेल्या टप्प्यात अमेरिका आणि कॅनडातील शहाण्णव हजारांच्या घरात. सुकामेवा, कडधान्ये, मांसाहार आणि हृदयविकार यांच्या नात्याबद्दल आज जे सर्वत्र सांगितले जाते त्यातला मोठा भाग या अभ्यासांतून आला. तंबाखू-दारू न घेणारा, आहारात मात्र शाकाहारीपासून मांसाहारीपर्यंत सगळे नमुने असलेला एवढा मोठा समाज संशोधकांना दुसरीकडे कोठे मिळणार होता?

दंतवैद्यकाकडे परत यावे. १९७१ ते १९९४ अशी तेवीस वर्षे डॉ. जडसन क्लूस्टर अधिष्ठाता होते. बाहेर दंतशिक्षणाची पडझड चालू असताना हा स्थिरपणा लाभला. १९८० च्या दशकात अमेरिकेत दंतवैद्यकाकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या घसरली. पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइडमुळे मुलांच्या दातांची कीड कमी झाली होती, दंतवैद्य जास्त झाले अशी ओरड होती, आणि दंतमहाविद्यालय हे विद्यापीठाच्या तिजोरीला सर्वांत जड जाणारे खाते. खुर्च्या, उपकरणे आणि प्रत्येक काही विद्यार्थ्यांमागे एक अनुभवी शिक्षक हा खर्च फीमधून भागत नाही. धार्मिक विद्यापीठांना याचा फटका सर्वाधिक बसला. ओक्लाहोमातील ओरल रॉबर्ट्स विद्यापीठाचे दंतमहाविद्यालय १९७८ मध्ये निघाले आणि दहा वर्षेही टिकले नाही. मेथडिस्ट परंपरेच्या एमरी विद्यापीठाने १९८८ च्या सुमारास आपले बंद केले. जेझुइटांच्या जॉर्जटाऊनचे १९९० मध्ये आणि शिकागोच्या लोयोलाचे १९९३ मध्ये मिटले. ही काही दुय्यम महाविद्यालये नव्हती. जॉर्जटाऊन आणि लोयोला ही देशातल्या मोठ्या दंतमहाविद्यालयांत गणली जात.

लोमा लिंडा टिकले याचे कारण त्याच्या जन्मातच होते. इतर विद्यापीठांसाठी दंतवैद्यक हे अनेक खात्यांपैकी एक होते. आकडे जुळेनात तेव्हा ते सोडता आले. येथे शनिवार पाळणाऱ्या विद्यार्थ्याला दुसरे हक्काचे ठिकाण नव्हते आणि मिशनला दंतवैद्य पुरवणारा दुसरा झरा नव्हता. पंथाचे माजी विद्यार्थी देणगीदार होते, तेच आपली मुले येथे पाठवत आणि तेच फावल्या वेळात शिकवायला येत. हे वर्तुळ अरुंद असल्याची टीका करता येते आणि त्यात तथ्यही आहे. पण कठीण दशकात याच वर्तुळाने महाविद्यालय तोलून धरले.

त्याच पडझडीच्या काळात येथील रूट कनाल विभागात अशा द्रव्यावर काम चालू होते, जे आज पुणे-नाशिकच्या दवाखान्यांतही कपाटात सापडते. मूळचे इराणचे डॉ. महमूद तोराबीनेजाद या विभागाचे प्रमुख होते. दाताच्या मुळाला भोक पडले किंवा मुळाचे टोक शस्त्रक्रियेने कापावे लागले तर तेथे भरायचे काय, हा जुना प्रश्न. चांदी भरली तर ओल्या जागी ती नीट बसत नाही आणि कडेने गळती राहते. रक्त आणि लाळ यांत कोरडेपणा शोधण्याऐवजी ओल लागल्यावरच घट्ट होणारे द्रव्य घ्यावे, हा विचार येथे झाला. बांधकामात भिंती उभ्या करणाऱ्या पोर्टलँड सिमेंटचाच एक शुद्ध प्रकार त्यासाठी निवडला गेला. क्ष-किरणात दिसावे म्हणून त्यात बिस्मथ ऑक्साइड मिसळले. ‘मिनरल ट्रायऑक्साइड अ‍ॅग्रिगेट’ असे त्याचे नाव. दंतवैद्य ‘एमटीए’ म्हणतात. १९९३ पासून त्यावर निबंध प्रसिद्ध होऊ लागले आणि १९९८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वापरास मान्यता दिली.

काचेच्या पट्टीवर राखाडी पूड आणि निर्जंतुक पाण्याचे थेंब मिसळले की ओल्या वाळूसारखा लगदा होतो. हाताळायला तो त्रासदायक. चमच्यावर घ्यावा तर भुसभुशीत पडतो. जागी दाबून वर ओला कापूस ठेवायचा आणि दात तात्पुरता बंद करायचा. पावणेतीन तासांच्या आसपास तो घट्ट होतो. त्याची क्षारता इतकी जास्त की जंतू तग धरत नाहीत, आणि काही महिन्यांनी पाहावे तर मुळाच्या टोकाशी शरीराने स्वतःच नवे कठीण आवरण धरलेले दिसते. आधी काढून टाकण्याच्या यादीत गेलेले कितीतरी दात या पुडीमुळे वाचले. दोष नाहीत असे नाही : किंमत जास्त, घट्ट व्हायला वेळ फार, आणि पुढच्या दातात वापरले तर रंग काळवंडतो. नंतर आलेल्या अनेक द्रव्यांनी हे दोष कमी केले. पण मूळ कल्पना लोमा लिंडाचीच.

शिक्षणाचा दिनक्रम पंथाच्या आचाराला धरून आहे. धर्मशास्त्राचे काही तास प्रत्येक विद्यार्थ्याला सक्तीचे आहेत, मग तो डॉक्टर होणार असो की दंतवैद्य. विद्यापीठाच्या भोजनगृहात शाकाहारी जेवण मिळते. तंबाखू आणि दारूला आवारात जागा नाही. शुक्रवारी संध्याकाळनंतर वर्ग आणि दवाखाने बंद. हा आचार आवारापुरता राहिलेला नव्हता : गावात अनेक दशके टपाल शनिवारऐवजी रविवारी वाटले जाई, ती पद्धत २०११ मध्ये थांबली. पंथाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळतो आणि अनेक जण घेतात. आचारसंहिता मात्र सगळ्यांना सारखीच लागू असते. ज्याला ती पटत नाही त्याने दुसरे महाविद्यालय पाहावे, एवढा स्पष्टपणा संस्था प्रवेशाच्या वेळीच दाखवते. तो योग्यच म्हटला पाहिजे.

सेवेचे काम अभ्यासक्रमात विणलेले आहे. सॅन बर्नार्डिनोतील गरीब वस्त्यांसाठीच्या दवाखान्यांत विद्यार्थी काम करतात. सुट्ट्यांत शिक्षकांसोबत त्यांची पथके दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि आशियातल्या खेड्यांत जातात. वीज नसलेल्या शाळेच्या वर्गात बाकावर रुग्णाला बसवून, डोक्याच्या दिव्याच्या उजेडात किडलेल्या दाढा काढायच्या. परत आल्यावर संगणकावर कवळीचा आराखडा करायचा. एकाच विद्यार्थ्याने एका वर्षात दोन्ही करावे ही तेथील अपेक्षा. पदवीनंतर काही जण मलावी, ग्वाम अशा ठिकाणच्या पंथाच्या दवाखान्यांत काही वर्षे देतात.

महाराष्ट्राशी या पंथाचा संबंध जुना आहे. पुण्यातील औंध-खडकी भागातले स्पायसर महाविद्यालय याच पंथाचे. १९१५ मध्ये दक्षिणेत सुरू झालेली ही संस्था १९४२ मध्ये पुण्याला आली आणि २०१४ मध्ये विद्यापीठ झाली. पंथाचे दक्षिण आशियातील कार्यालय आणि छापखाना अनेक वर्षे पुण्याच्याच सॅलिसबरी पार्कमध्ये होता. मिशन आणि वैद्यक यांची सांगड मराठी माणसाने मिरजेत पाहिलेलीच आहे. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तेथे सुरू केलेले काम प्रेस्बिटेरियन मिशनचे होते, पंथ वेगळा. पण दवाखान्याच्या पाठोपाठ शिक्षण यावे लागते हा धडा दोन्हीकडे सारखाच.

दुसरा दुवा आजचा. भारतात बीडीएस झालेल्या दंतवैद्याला अमेरिकेत व्यवसाय करायचा तर तेथील राष्ट्रीय परीक्षा देऊन बहुधा पुन्हा एखाद्या दंतमहाविद्यालयात शिकावे लागते. परदेशात पदवी घेतलेल्यांसाठी लोमा लिंडात असा सुमारे दोन वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे आणि त्याच्या शेवटी तेथील विद्यार्थ्यांइतकीच पूर्ण डीडीएस पदवी मिळते. मुंबई-पुण्याच्या ज्या दंतवैद्यांना हा मार्ग धरायचा आहे त्यांनी फी आणि गुण यांच्याबरोबर संस्थेची आचारसंहिताही अर्ज करण्यापूर्वी नीट वाचावी. तेथे गेल्यावर दवाखान्यात प्रार्थना होईल, धर्मशास्त्राचा तास असेल, आणि शनिवारी प्रिन्स हॉलमधली एकही खुर्ची चालू नसेल.